फिजिओ व्हायचंय आणि डोंगरही सोडायचा नाहीये: साताऱ्याहून सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. बारावी झाली, नीटच्या मार्कांत एमबीबीएस बसत नाही पण बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, नंबर लागतोय, घरचे म्हणतात एवढं शिकून शेवटी लोकांचे पाय चोळत बसणार का, दर रविवारी गडावर जायची सवय आहे ती नोकरी लागली की सुटेल का, आणि जाता जाता, गड उतरताना उजवा गुडघा पुढून दुखतो त्याचं काय करू.

मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. २००६ पासून या कामात, स्वतःचं क्लिनिक २०११ पासून. डोंगरात त्याच्याही आधीपासून जाते, लहानपणी वडिलांचं बोट धरून अजिंक्यतारा चढायचे तेव्हापासून. म्हणून हे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी ते पाय चोळायचं बोलू, कारण घरात हे वाक्य पडलं की पोरांचा निम्मा जीव जातो, माझाही गेला होता. मसाज आम्हाला शिकवतात आणि गरज असेल तिथे मी करतेही, त्यात कमीपणा काहीच नाही, पण दिवसभराच्या कामात त्याचा वाटा अगदी थोडा असतो. मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षण सुरू झालं ते पोलिओच्या साथीमुळे, कारण पोरं वाचत होती पण चालत नव्हती. जीव वाचला, आता पुढे काय, या प्रश्नातूनच आपला हा व्यवसाय उभा राहिलाय. आजही तेच आहे. पॅरालिसिस झालेल्या माणसाला पलंगाच्या कडेला बसवणं, खुब्याचं हाड मोडलेल्या आजीला दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करणं, आयसीयूत छातीतला कफ सुटावा म्हणून पेशंटला कुशीवर वळवणं, कोविडच्या काळात पालथं झोपवून श्वासाचे व्यायाम घेणं, हे सगळं फिजिओचं काम. घरच्यांना एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या फिजिओ विभागात नुसतं अर्धा तास बसवून आण, माझ्या वडिलांना मी असंच नेलं होतं, नंतर ते तसं कधी बोलले नाहीत.

आता माझा रस्ता सांगते, म्हणजे तुला अंदाज येईल. २००१ ला बारावी, आमच्या वेळी राज्याची सीईटी होती, एमबीबीएस हुकलं आणि बीपीटीएच मिळालं. पहिलं वर्ष रडत काढलं हे खरं आहे. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, डिसेक्शन हॉलमधला तो फॉर्मलिनचा वास, आणि मनात सतत की आपण इथे उरलेल्या जागेवर आलोय. हे डोक्यातून काढायला मला वॉर्डात जावं लागलं. एक आजी होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, उठायलाच तयार नव्हत्या. आमच्या मॅडमनी त्यांना उठा म्हटलंच नाही. त्यांनी फक्त आजींचे पाय मागे, खुर्चीच्या जवळ घेतले, आजींना म्हणाल्या नाक बोटांच्या पुढे आणा, पुढे, अजून पुढे, आणि आजींचं बूड आपोआप खुर्चीवरून सुटलं. बस. जोर नाही, ओढाताण नाही. माणूस खुर्चीतून उठतो म्हणजे नेमकं काय करतो हे त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं, त्याआधी आयुष्यात हजारदा नुसतं दिसलं होतं. त्या संध्याकाळी एसटी स्टँडवर बसून मी तासभर लोक कसे उठतात, कसे बसतात, बॅग घेऊन पायरी कशी चढतात तेच बघत होते. तुला असं बघायला आवडत असेल, म्हणजे गडावर पुढे चाललेल्याचं पाऊल कसं पडतंय याकडे तुझं लक्ष आपोआप जात असेल, तर तू या कामाचा आहेस. आणि फक्त नीटमध्ये दुसरं काही मिळालं नाही एवढंच कारण असेल तर एक वर्ष थांब पण नीट विचार कर, कारण या कामात रिझल्ट हळू येतो आणि ज्याला वाट बघता येत नाही त्याचे फार हाल होतात.

पास झाल्यावर पुण्यातल्या एका हॉस्पिटलात लागले, नाव नको. पगार महिना साडेसहा हजार, सकाळी आठ ते रात्री आठ, सुट्टी आठवड्याला एक, तीही कधी मिळायची कधी नाही. दीड वर्षात मी एकदा सिंहगड केला, तोही आतकरवाडीकडून चढताना दोनदा थांबून. ज्या मुलीने कॉलेजात असताना राजगड-तोरणा एका दिवसात केला होता तिला सिंहगडावर धाप लागत होती, आणि तीच मुलगी दिवसभर लोकांना सांगत होती की नियमित व्यायाम करा. मला ते सहन होईना. मग मास्टर्सला गेले, मस्क्युलोस्केलेटल घेतलं, म्हणजे हाडं, सांधे, मसल. शिकत असताना खर्चासाठी स्कूटीवर होम व्हिजिट केल्या, संध्याकाळी चार-चार घरं. खरं सांगू का, हॉस्पिटलपेक्षा जास्त मी त्या घरांत शिकले. हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर मस्त चालणारा माणूस घरी न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी येऊन अडतो, हे पुस्तकात नसतं.

मास्टर्स संपल्यावर, २०१० च्या उन्हाळ्यात, उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये बेसिक माउंटेनिअरिंगचा २८ दिवसांचा कोर्स केला. घरी सगळे म्हणाले आता तरी नोकरी बघ. मी गेले. आणि माझ्या फिजिओथेरपीत जो सगळ्यात मोठा बदल झाला तो कुठल्या सेमिनारमध्ये नाही, तिथे झाला.

तो बदल असा. तोपर्यंत मी जे शिकले होते, किंवा शिकवणाऱ्यांनी तसं शिकवलं नसेल पण मी जे उचललं होतं, त्यात "बंद करा" फार होतं. गुडघा दुखतो, जिने बंद. कंबर दुखते, वाकणं बंद. मांडी घालून बसणं बंद, उकिडवं बसणं बंद, डोंगर तर बंदच बंद. पेशंटही खूश, कारण काहीतरी ठाम सांगितलं. कोर्सला मात्र पहिल्या दिवसापासून पाठीवर सॅक, टेखल्याच्या सरावाच्या कातळावर चालत जायचं, चालत यायचं, आणि दर दोन-तीन दिवसांनी वजन वाढतंय, अंतर वाढतंय, चढ वाढतोय. शेवटी वीस-बावीस किलो पाठीवर घेऊन ग्लेशिअरकडे चाललो होतो. आमच्या रोपमध्ये, म्हणजे आमच्या गटात, एक मुलगी होती, पहिल्या दिवशी दहा किलोला रडली होती. तिला कोणी बंद कर म्हणालं नाही, तिचं वजन दोन दिवस थोडं कमी ठेवलं आणि मग बाकीच्यांबरोबर आणलं. चौथ्या आठवड्यात ती माझ्या पुढे चालत होती. मी मागून तिच्या टाचा बघत होते आणि डोक्यात एकच, की आपण चार वर्षं पेशंटला चुकीचा प्रश्न विचारतोय. करायचं की नाही हा प्रश्नच नाही. किती करायचं, आज किती, पुढच्या आठवड्यात किती, हा प्रश्न आहे. हाड, कार्टिलेज, टेंडन, मसल, सगळ्यांना लोड लागतो, लोड काढून घेतला तर ते कमकुवत होतात, एकदम टाकला तर चिडतात. हे सगळं परीक्षेत लिहिलेलं होतं, मार्क पण मिळाले होते, अंगात उतरलं ते तिथे.

साताऱ्यात क्लिनिक टाकल्यावर सुरुवातीच्या काही वर्षांतला एक पेशंट सांगते. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, साठीला आलेले, सातारा-महाबळेश्वर-पोलादपूर अशी आंबेनळी घाटातली ड्युटी वर्षानुवर्षं केलेले. दोन्ही गुडघ्यांची झीज, एक्सरे तसा वाईटच. कुणीतरी त्यांना जिने बंद, मांडी घालणं बंद, आणि वारी बंद सांगितलेलं. जिने-मांडी बंद झाल्याचं त्यांना काही नव्हतं. वारी बंद म्हणताना त्यांचा आवाज बसला, माझ्यासमोर बसून खाली मान घालून ते म्हणाले, मॅडम, ड्युटीमुळे चाळीस वर्षं जायला मिळालं नाही, रिटायर झाल्यावर जायचं ठरवलं होतं.

मी त्यांना क्लिनिकमधल्या आठ इंचाच्या लाकडी ठोकळ्यावर उभं केलं आणि एक पाय हळू खाली टेकवा म्हटलं. चढताना ठीक, उतरताना मात्र शेवटच्या दोन इंचांत शरीर धप्पकन खाली. मांडीचा पुढचा मसल, क्वाड्रिसेप्स, चढताना आखडत काम करतो, उतरताना तोच लांबत लांबत वजन धरून ठेवतो, आणि हे धरून ठेवायचं कामच त्यांच्यातून गेलं होतं, म्हणून प्रत्येक पायरीला सगळा दणका गुडघ्यात. मी हे असंच पुस्तकी सांगायला लागले तर ते मध्येच म्हणाले, म्हणजे घाट ब्रेकवर उतरायचा नाही, गिअरवर उतरायचा. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला हे त्यांच्याच शब्दांत सांगते, याहून चांगलं मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

जानेवारीत सुरू केलं. ठोकळा आठ इंचाचा काढून चार इंचाचा ठेवला. तीन आकडे मोजत खाली, एक आकडा वर, आठ वेळा, तीनदा, एक दिवसाआड. चालणं बारा मिनिटं, घरापासून अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरच्या 'चार भिंती' या स्मारकाच्या चढाच्या पायथ्यापर्यंत आणि परत. दुखणं शून्य असलं पाहिजे असा हट्ट धरला नाही. दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच असलं पाहिजे, वाढलेलं असेल तर आपण जास्त केलं, एवढंच. त्यांनी लॉगशीट भरल्यासारखी वही ठेवली, ड्युटीचीच सवय. मार्चमध्ये एकदा लग्नात दिवसभर उभे राहिले आणि गुडघा सुजला, दोन आठवडे मागे गेलो, पुन्हा आलो. मे महिन्यात चार भिंतींपर्यंत चढून उतरत होते, आठ इंचाचा ठोकळा शांतपणे. पहिल्या वर्षी आळंदीपासून जाऊ नका म्हटलं, पुण्याहून सासवडचा तो दिवे घाटाचा टप्पा सगळ्यात लांब, तो पुढच्या वर्षी बघू. ते लोणंदहून निघाले. मी तिथे वारकऱ्यांच्या पायांच्या सेवेला दरवर्षी जाते, फोड, पेटके, सुजलेले घोटे, ते चालू होतं, आणि हे ड्रायव्हर समोर येऊन उभे राहिले, टाळ गळ्यात. पाय दाखवा म्हटलं तर म्हणाले पायाला काही नाही, सांगायला आलो होतो. लोणंद ते पंढरपूर चालले. एक्सरे त्यांचा आजही तसाच आहे.

फिजिओचं काम म्हणजे काय ते मी एवढ्या लांबण लावून यासाठी सांगतेय की तुझ्या प्रश्नात डोंगर आणि करिअर असे दोन वेगळे कप्पे आहेत, आणि माझ्या अनुभवात ते तसे राहिलेच नाहीत. मी डोंगरात जात राहिले म्हणून मला लोकांना परत पाठवायचं धाडस आलं. ज्या थेरपिस्टने स्वतः शेवटच्या तासाच्या उतारावर मांड्या थरथरताना अनुभवलंय ती पेशंटला घाबरवत नाही.

उलटही होतं, डोंगरात हे शिक्षण कामाला येतं. एका डिसेंबरात आम्ही चौदा जण वासोट्याला गेलो होतो. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून लाँच, पलीकडे मेट इंदवलीला वनखात्याच्या चौकीत नोंद, मग जंगलातून चढ, आणि संध्याकाळच्या आत परत लाँचवर हजर, तिथे मुक्कामाला परवानगी नाही. उतरताना एका पोराचा पाय सुट्या दगडावरून आत वळला आणि कट असा आवाज आला. पोरगं पांढरं पडलं, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज पाच मिनिटांत. मोबाईलला रेंज नाही. सगळे म्हणायला लागले फ्रॅक्चर फ्रॅक्चर. अशा वेळी कॅनडात ओटावाला १९९२ मध्ये मांडलेले नियम आहेत, आम्हाला पाठच असतात. घोट्याच्या दोन्ही हाडांचा मागचा काठ, टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत, तिथे हाडावर दाबून दुखतं का. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो तिथे दुखतं का, आतल्या बाजूला नेव्हिक्युलर हाडावर दुखतं का. आणि चार पावलं टाकता येतात का, लंगडत का होईना. मी बूट काढून अंगठ्याने एकेक जागा दाबत गेले, त्याचं तोंड बघत. हाडावर कुठेच नाही, दुखणं सगळं हाडाच्या पुढे, खाली, मऊ जागी, म्हणजे हाडं जोडणाऱ्या लिगामेंटवर. उभं केलं, खांद्याला धरून चार पावलं टाकली त्याने. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की हा चालत उतरणार आहे. टेप मारला, बूट घट्ट बांधला, त्याची सॅक वाटून घेतली, दोन काठ्या दिल्या, आणि दीड तासाचा उतार आम्ही तीन तासांत उतरलो. लाँचवाले मामा थांबून होते. दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी एक्सरे काढला, हाड शाबूत. नियमांत एकही खूण निघाली असती तर त्याला एक पाऊलही टाकू दिलं नसतं, उचलूनच आणलं असतं, हेही सांगून ठेवते, कारण तुम्ही पोरं असल्या वेळी हिंमत दाखवायला जाता.

त्यानंतर त्याला मी आरामच आराम सांगितला नाही, हे विशेष लिहिते. पूर्वी रेस्ट आणि बर्फ यावर फार भर असायचा, आता सुरुवातीचे एक-दोन दिवस सांभाळून मग लवकर हालचाल, लवकर वजन टाकणं याकडे कल आहे. आणि मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो त्याचं मोठं कारण म्हणजे सूज उतरली की लोक सोडून देतात, एका पायावर तोल धरायचा सराव कोणी करत नाही. दात घासताना एका पायावर उभा राहा, मग डोळे मिटून, मग उशीवर. इतकं साधं आहे.

आता व्यवहाराचं. फक्त ट्रेकर आणि रनर यांच्यावर क्लिनिक चालेल असं स्वप्न घेऊन येऊ नकोस, निदान आपल्या जिल्ह्याच्या गावांत तरी नाही. माझं घर चालतं ते गुडघे, कंबर, खांदे, मान आणि पॅरालिसिस यांच्यावर, शिवाय सांधा बदललेले पेशंट. डोंगरवाले येतात ते सीझनला. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते, यवतेश्वरचा घाट चढून तोच घाट उतरायचा, आणि दुसऱ्या दिवशी सोमवारी क्लिनिकच्या जिन्यावर लोक रेलिंग धरून आडवे आडवे उतरत असतात. सगळे म्हणतात चढाने मारलं. चढाने नाही, उताराने. लांबत काम करणाऱ्या मसलला सूक्ष्म इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांत चढतं आणि मग आपोआप जातं. यावर उपाय पण उतारच आहे, स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यांत थोडा थोडा उतार पळून ठेवला तर मसल ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी बराच कमी दुखतो. हे मी आता आधीच सांगायला जाते, रनिंग ग्रुपना, ट्रेकिंग ग्रुपना, हिमालयात जाणाऱ्यांना तीन महिने आधी. यातून पैसे थोडे मिळतात, ओळखी खूप होतात, आणि मला या कामाचा आनंद फार आहे.

रविवार मी कधीच विकला नाही. क्लिनिक टाकलं त्या दिवशी पाटीवर रविवारी बंद लिहिलं, पहिली दोन वर्षं हात तंग असतानाही उघडलं नाही, आणि पेशंट तुटले नाहीत. रोज पहाटे साडेपाचला अजिंक्यतारा, मंगळाईचं दर्शन घेऊन साडेसातला घरी, नऊला पहिला पेशंट. नोकरीत हे जमणं अवघड, सुरुवातीची चार-पाच वर्षं तुझीही तशीच जातील, ते मी गोड करून सांगणार नाही. पण ती वर्षं टाळूही नकोस. आयसीयू, न्यूरो, हाडांचा वॉर्ड हे सगळं हाताखालून गेल्याशिवाय स्वतःची पाटी लावलीस तर कंबरदुखी म्हणून आलेल्या माणसाला खरं म्हणजे दुसरंच काही गंभीर आहे हे ओळखू येणार नाही. क्लिनिकच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे रात्री झोपू न देणारी कंबरदुखी आणि घटलेलं वजन घेऊन एक काका आले होते. वॉर्डातला अनुभव होता म्हणून मशीन लावत न बसता त्याच दिवशी पुढे पाठवलं.

अॅडमिशनचं पटकन सांगते. महाराष्ट्रात बीपीटीएच नीटच्या स्कोअरवर, राज्याच्या सीईटी सेलकडून, आणि बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला जोडलेली. आम्ही चार वर्षं अधिक सहा महिने इंटर्नशिप असं केलं, पण २०२१ च्या कायद्याने या क्षेत्रासाठी राष्ट्रीय आयोग आलाय आणि अभ्यासक्रम, कालावधी बदलतोय, तेव्हा तू ज्या वर्षी घेशील त्या वर्षीचं माहितीपत्रक वाच. पास झाल्यावर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय एकही पेशंट घ्यायचा नाही. कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, त्याला जोडलेलं हॉस्पिटल बघ, ओपीडीत सकाळी दहाला जाऊन उभा राहा, गर्दी आहे का, शेवटच्या वर्षाची मुलं पेशंटला हात लावतायत की लांबून बघतायत. सरकारी कॉलेजं थोडी आहेत आणि फी कमी, मिळत असेल तर गाव लांब असलं तरी जा. परदेशाचं डोक्यात असेल तर अमेरिकेला डिग्रीची तपासणी आणि एनपीटीई परीक्षा, इंग्लंडला तिथल्या एचसीपीसी या नियामक संस्थेचं रजिस्ट्रेशन, ऑस्ट्रेलियालाही वेगळं मूल्यमापन आणि परीक्षा. माझ्या बॅचचे बरेच गेले, सुखी आहेत, व्हॉट्सअॅपवर पावसाळ्यात मला कासचे फोटो पाठव म्हणतात.

आता तुझा गुडघा. चढताना ठीक, उतरताना वाटीच्या आसपास पुढून दुखणं, तुझ्या वयात, पडलेला-आपटलेला नसशील तर बहुतेक वेळा वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्यावर सवयीपेक्षा जास्त लोड येतोय एवढंच असतं. घरातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर आरशासमोर उभा राहा, डावा पाय हळूच खाली टेकव आणि उजवा गुडघा बघ, तो आत अंगठ्याकडे ढळतोय का. ढळत असेल तर नुसती मांडी नाही, खुब्याच्या बाजूचा मसलही कमी पडतोय. दुखणं जास्त असेल तर पहिले दोन आठवडे भिंतीला पाठ लावून अर्धवट बसायचं, पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा, गुडघा जिथे दुखत नाही त्या उंचीला. मग पायरीवरून तीन आकड्यांत उतरणं, वर सांगितलं तसंच, दुखण्याचा नियमही तोच. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, आणि पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली. एक दिवसाआड, कमीत कमी सहा आठवडे, आणि तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही, सगळे तिथेच सोडतात.

गड बंद करू नकोस. उतार कमी कर. जिथे गाडीरस्ता आहे तिथे पायवाटेने चढ आणि उतरताना रस्त्याने ये, अजिंक्यताऱ्याला आणि सिंहगडाला हे जमतं. पायवाटेने उतरावंच लागलं तर पाऊल छोटं टाक, गुडघा ताठ ठेवून टाचेवर आपटू नकोस, मोठ्या दगडावरून उडी मारू नकोस, नागमोडी ये. दोन काठ्या घे, उताराला गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो, म्हाताऱ्यांच्या म्हणून लाजू नकोस. सॅकमधून नको ते काढ. बूट महाग लागत नाहीत, सह्याद्रीतल्या मुरमाड घसाऱ्यावर आपल्याकडचे कित्येक जुने भटके साधे अॅक्शन ट्रेकर घालूनच फिरलेत, फक्त पुढे अंगठ्याला बोटभर जागा ठेव नाहीतर उतरताना नखं काळी पडतील.

गुडघ्यावर सूज येत असेल, मध्येच अडकत असेल, पाय टाकल्यावर दगा देत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा पडल्यानंतर सुरू झालं असेल तर यातलं काहीही करायच्या आधी प्रत्यक्ष दाखवून घे. नसेल तर आजपासून पायरीवर उभा राहा आणि वही ठेव. कधी साताऱ्याला आलास तर पहाटे मी गडावर असते, तुझा उतरतानाचा गुडघा मागून बघून सांगेन.